पाणकोळी पदक: मीनाकामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

गळ्यात टांगायचे सोन्याचे पदक घडवायचे आहे. त्याचा विषय ठरला: पिलांना स्वतःचे रक्त पाजणारा पेलिकन. मराठी बायबलच्या १०२व्या स्तोत्रात या पक्ष्याला पाणकोळी म्हटले आहे, म्हणून नोंदींतही तोच शब्द. धर्तीचा काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध, तंत्र सोन्याच्या उठावावर चौफेर चढवलेल्या मीन्याचे, म्हणजे भट्टीत वितळवून धातूवर बसवलेल्या रंगीत काचेचे. एखाद्या ठरावीक दागिन्याची नक्कल करायची नाही. त्या काळचे सोनार कामाचा क्रम कसा लावत आणि तसाच का लावत, हे हाताने करून पाहायचे आहे.

दंतकथा अशी की पाणकोळी मादी चोचीने आपली छाती फोडते आणि त्या रक्तावर पिले जगवते. मध्ययुगात ही ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण झाली. पुढे राज्यकर्त्यांनीही ती उचलली. पोर्तुगालचा दुसरा जोआँव (राज्यकाळ १४८१ ते १४९५) याचे हेच निशाण. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत पहिल्या एलिझाबेथचे १५७५च्या सुमाराचे, निकोलस हिलियर्डच्या नावावर असलेले चित्र आहे, त्यात असेच पदक तिच्या छातीवर दिसते. प्रजेसाठी रक्त आटवणारी आई, हा त्याचा अर्थ. आपल्या जवळचे उदाहरण पाहायचे तर जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पेलिकनच्या आकाराची प्रसादपेटी आहे, सतराव्या शतकातली.

या सगळ्यांतून घडणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी येतात: वाकलेली मान, उचललेले पंख, छातीवरचा लाल ठिपका. चोचीखालची झोळी या पदकांत शोधू नये. मान हंसाची आणि चोच गरुडाची असते. आम्हीही तशीच ठेवणार. खरी झोळी काढली तर पक्षी बरोबर होईल आणि पदक चुकेल.

१० जानेवारी

कोणत्या दागिन्यांवर विश्वास ठेवायचा हे ठरल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. एकोणिसाव्या शतकात संग्राहकांची भूक एवढी वाढली की नवे घडवलेले पुष्कळ ‘रेनेसाँस’ दागिने जुने म्हणून खपले. आखेनचा सोनार राइनहोल्ड फास्टर्स (१८२७–१९०९) याची हजाराच्या वर रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पडून होती. १९७९मध्ये चार्ल्स ट्रूमन यांनी त्यांवर लिहिले आणि बऱ्याच संग्रहालयांना आपल्या कपाटांकडे नव्याने पाहावे लागले. त्याच संग्रहालयातला कॅनिंग ज्युवेल म्हणजे वेड्यावाकड्या मोत्याच्या धडाचा जलमानव. तो लॉर्ड कॅनिंगने भारतात मिळवला, आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने मुघल बादशहाला भेट दिल्याची कथा त्याला चिकटलेली आहे. आता तोही एकोणिसाव्या शतकातला असावा असे मानतात. त्यावरची माणकांची भर मात्र भारतीय आहे.

म्हणून पाया धरला तो जमिनीतून आणि समुद्रातून निघालेल्या वस्तूंचा. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर १५८८मध्ये फुटलेल्या ‘हिरोना’ या स्पॅनिश जहाजावरचा सोन्याचा सॅलमँडर (सरड्यासारखा प्राणी): पाठीवर माणकांसाठी नऊ कोंदणे, त्यांतली तीन माणके शिल्लक. लंडनच्या चीपसाइडमध्ये १९१२ साली सापडलेला साठा, त्यातलाही सॅलमँडर, पाचूंचा. आणि चौफेर पांढऱ्या मीन्यासाठी १४००च्या आसपासचा डनस्टेबलचा हंस, १९६५मध्ये उत्खननात निघालेला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. यांच्या तारखांवर कोणी बोट ठेवू शकत नाही. आकृतिबंधासाठी हान्स कोलार्टची अँटवर्पला १५८१मध्ये छापलेली पदकांची चित्रे.

१४ जानेवारी

रेखाटन पूर्ण. साखळ्या सोडून उंची ६२ मिमी. पक्षी ३८ मिमी उंच, पंखांचा पसारा ३४ मिमी, घरटे २२ मिमी रुंद. घरट्यात तीन पिले. वर एक नक्षीची टिकली, तिच्यापासून पंखांपर्यंत दोन साखळ्या. घरट्याखाली एक मोती.

सुटे भाग अकरा: धड, दोन पंख, घरटे, तीन पिले, टिकली, दोन साखळ्या, मोत्याची कडी. हा आकडा सौंदर्यातून आलेला नाही, भट्टीने ठरवलेला आहे. मीना चढल्यावर त्या तुकड्याला झाळ (सांध्यात वितळवायचा जोडधातू) देता येत नाही. तेव्हा एकदा भाजलेले भाग एकमेकांना थंडपणीच जोडायचे: स्क्रू, खुंटी, वाकवलेली तार. जुन्या पदकांची पाठ पाहिली की फुलाच्या आकाराच्या नट दिसतात, त्या याचसाठी.

२० जानेवारी

धातू: ९१६ सोने, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, बाकी चांदी ५० आणि तांबे ३४ भाग. बाजारात तयार मिळणाऱ्या मिश्रणात बऱ्याचदा जस्त असते. ते इथे नको. जस्त भट्टीत उडते आणि मीन्यात बुडबुडे सोडते. आमचे मिश्रण ९५० अंशांच्या पुढे वितळते, मीना ८००च्या आसपास, म्हणजे मध्ये झाळीला जागा उरते. झाळही घरचीच: त्याच सोन्यात चांदी आणि तांबे वाढवून. पट्टीवर तपासली तेव्हा ८६०च्या आसपास धावली.

शुद्ध चांदीवर सराव करून मग सोन्यावर जावे असा मोह होतो. पांढऱ्यासाठी तो सराव फसवा. चांदीवर पांढऱ्याच्या कडा पिवळ्या पडतात आणि पारदर्शी लाल नारिंगी-तपकिरी होतो. आकार आणि थर यांचा सराव तांब्यावर, रंगाचा थेट सोन्यावर.

२३ ते २९ जानेवारी

धडाचे उठावकाम. ०.४५ मिमीचा पत्रा, ५० × ४५ मिमीचे दोन तुकडे, पोट आणि पाठ वेगळी. ठोकताना पत्र्याला आधार राळेचा, तिच्यात विटेची बारीक पूड आणि थोडे तिळाचे तेल. थंडीत राळ कडक होऊन पत्रा उडतो, म्हणून तेल नेहमीपेक्षा जास्त घातले.

पोटाचा फुगवटा ९ मिमी खोल. पाच वेळा लाल करून मऊ केला. चौथ्या वेळी कंटाळा करून तसेच ठोकले आणि मानेच्या मुळाशी पत्रा ०.२५पर्यंत पातळ झाला. मीन्यासाठी ही पातळी चालत नाही. पत्रा आणि काच एकाच गतीने आकसत नाहीत. पत्रा पातळ असला की काच त्याला वाकवते आणि शेवटी स्वतःच तडकते. तो तुकडा मुशीत गेला. दुसऱ्या तुकड्यात मान आधी ओढली, पोट नंतर फुगवले. आता सर्वांत पातळ जागा ०.३६.

पिसांच्या रेषा खोल पाडायच्या नाहीत. तीन थरांनंतर मीना ०.४ मिमी होतो आणि सगळी बारीक कोरणी त्याखाली गडप होते. मोठी पिसे उठावातच हवीत.

१ ते ४ फेब्रुवारी

लाल थेंबाचा प्रश्न. मूळ बेत छातीवर पारदर्शी लाल मीन्याचे तीन थेंब सोडायचा होता. धड बंद करण्याआधी १२ मिमीच्या सोन्याच्या चकत्यांवर तपासले.

पहिली चकती: पांढऱ्यावर थेट लाल. खालून पांढरा प्रकाश परत येतो आणि रंग गुलाबी दिसतो. सरबताचा रंग, रक्ताचा नाही.

दुसरी: पांढऱ्यात चपट्या तारेचे घर करून तळाशी उघडे सोने ठेवले, त्यावर लाल. रंग योग्य दिशेने गेला, पण इथे या लालाचा स्वभाव आडवा आला. फ्लॉरेन्सचा सोनार चेल्लिनी याने १५६८च्या आपल्या सोनारकामाच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे: भट्टीतून निघताना तो इतका पिवळा असतो की सोन्यापासून वेगळा ओळखू येत नाही. मग मंद आचेवर परत धरला की लाली उमलते, आणि उमलताच त्याला वारा घालून थंड करावे लागते. जास्त झाला तर काळा. तंतोतंत तसेच झाले. ८१०ला ६० सेकंद, बाहेर, पिवळा. ६५०च्या आसपास दीड मिनिट, लाल. पुढची दहा सेकंद आम्ही बघत राहिलो आणि त्याचा रंग यकृतासारखा झाला.

तिसरी आणि चौथी चकती: लाल जमला, पण त्यासाठी पांढऱ्याला चार जास्तीच्या भट्ट्या सोसाव्या लागल्या. घराच्या तारेलगत पांढरा मागे सरकला आणि सोन्याची कडा दिसू लागली. पांढऱ्याला एकदम तापणारी, एकदम निघणारी भट्टी मानवते. लालाला दोनदा जायचे असते आणि वेळेवर पकडायचे असते. एकाच तुकड्यावर दोघांचे पटत नाही असे नाही, पण एकाच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. पूर्ण धडावर हा जुगार नको.

निर्णय: छातीवर माणिक. ते सर्वांत शेवटी, थंडपणी बसते. पाणकोळ्याच्या छातीवर माणिक बसवायचे कारण अर्थातच श्रीमंती आणि रंगही असेल, पण भट्टीच्या बाजूने पाहिले तर ती सर्वांत शहाणी जागा आहे. लाल मीना टिकलीवर जाईल, जिथे पांढरा नाहीच.

७ फेब्रुवारी

कोंदणाची डबी: ६ × ५ मिमी, भिंत ०.३५ जाड, २.६ उंच. ती सरळ छातीला झाळली तर मीना भिंतीला टेकतो आणि खडा बसवताना भिंत दाबली की मीन्याची कपची उडते. म्हणून डबी आधी तिच्याहून सगळीकडून अर्धा मिमी मोठ्या पट्टीवर झाळली, पट्टीच्या कडेला ०.५ मिमी उंचीचा काठ ठेवला. मीना काठाशी थांबेल आणि हलणारी भिंत मोकळी राहील.

८ फेब्रुवारी

धड बंद. सवागीचा (टाकणखाराचा) पातळ लेप, झाळीचे ३४ तुकडे, एकच आच. तळाशी १.२ मिमीचे भोक ठेवले आहे. ते विसरले तर आतली हवा फुगून सांधा उघडेल, आणि तेजाब आत अडकून नंतर प्रत्येक भट्टीत सांध्यातून वाफ सोडेल. भोक घरट्याखाली झाकले जाईल. खांद्यांवर पाठीमागे एकेक आणि तळाशी दोन अशा चार खुंट्या, १ मिमी तारेच्या, भट्टीआधीच आटे पाडलेल्या, पाव मिमीचा आटा. आट्यांवर गेरूचा लेप. तो लेप मीन्याला लागता कामा नये, लागला तर तपकिरी डाग कायमचा.

त्यानंतर उजळणी: लाल करायचे, दहा टक्के गरम गंधकाम्लात टाकायचे, काचतंतूंच्या ब्रशने घासायचे. चार फेऱ्या. पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वर जवळपास शुद्ध सोने उरते. चौथ्या फेरीनंतर काळेपणा आलाच नाही, तिथे थांबलो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, उलट नाही. शेवटी मीना बसणारी सगळी जागा सुईच्या टोकाने आडवीतिडवी खरवडली. गुळगुळीत फुगवट्यावर काचेला पकड मिळत नाही.

११ फेब्रुवारी

मीना दळणे. पांढरा म्हणजे कथिलाच्या भस्माने अपारदर्शी केलेली काच. अकीकाच्या खलात पाण्याखाली दळायचा, कोरडा कधीच नाही. जुन्या वड्यांत शिसे असते, आणि नसले तरी काचेची धूळ छातीत जाते. दळताना बत्ता ठोकायचा नाही, फिरवायचा. रवा बारीक साखरेइतका झाला की पाणी ओतून दुधाळ भाग काढून टाकायचा. पांढऱ्याला चार पाणी पुरले, हिरव्याला आणि लालाला नऊ, शेवटची तीन डिस्टिल्ड पाण्याची. पारदर्शी रंग गढूळ निघाला तर दहांतले नऊ वेळा दोष धुण्याचा असतो.

चेल्लिनी पोलादी खलात दळून काही मिनिटे तेजाबात ठेवायला सांगतो. पोलादाचे कण त्यात विरघळतात. अकीक असेल तर त्याची गरज नाही.

उभ्या फुगवट्यावर ओला रवा घसरतो. यासाठी चेल्लिनी नासपतीच्या बिया भिजवलेले पाणी वापरतो. आम्ही दोन्ही करून पाहिले: नासपतीच्या बियांचे बुळबुळीत पाणी आणि कतिरा गोंदाचे अगदी पातळ पाणी. पकड सारखीच. कतिरा जास्त झाला तर जळून करडे ठिपके ठेवतो, बियांचे पाणी तेवढे कडक नाही. पण ते दुसऱ्या दिवशी आंबते. कतिरा ठेवला, पेलाभर पाण्याला चिमूटभर.

१७ ते २१ फेब्रुवारी

धडावर पांढरा.

पहिला थर ०.१५ मिमी. आधी भट्टीच्या तोंडाशी आठ मिनिटे वाळवला, वाफ पूर्ण थांबेपर्यंत. थोडा ओलावा राहिला तर रवा पॉपकॉर्नसारखा उडतो. ८२०, ७५ सेकंद. दार उघडले की काटा चाळीसेक अंश खाली येतो, म्हणून ८६०ला उघडतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला की पहिल्या थराला पुरे. तिथेच चकचकीत करायची घाई नको.

धडाला बसायला पाया नाही. तळाच्या भोकातून निकेल-क्रोमची तार वर घालून त्यावर टेकवले. ही तार तिसऱ्या भट्टीपासून पापुद्रे सोडते आणि ते उडून पांढऱ्यावर काळे ठिपके होतात. प्रत्येक वेळी तार घासायची. आम्ही दुसऱ्या थराला घासली नाही, डाव्या बाजूला चार ठिपके. हिऱ्याच्या बारीक बरने उकरून भरले.

सांध्यावर छिद्रांची माळ निघाली, अपेक्षेप्रमाणे. झाळीतून वायू सुटतो. ती छिद्रे तशीच ठेवून वर थर दिला तर प्रत्येक भट्टीत परत वर येतात. उकरून, धुऊन, भरून, मग पुढचा थर.

तिसऱ्या थरानंतर थंड होताना आवाज आला. मानेच्या मुळाशी, कोंदणाच्या वर, केसासारखी तडा. कारण शोधायला वेळ लागला. कोंदण आणि त्याची पट्टी मिळून धातूचा जाड गोळा आहे. तो उशिरा तापतो आणि उशिरा थंड होतो. वर मान पातळ आणि लगेच थंड. मध्ये जिथे दोघे भेटतात तिथे काच ताणली जाते. त्यात मीनाही तिथेच जाड साचला होता, खळगा म्हणून. पोकळ धडाला आतून प्रतिमीना (ताण तोलण्यासाठी पत्र्याच्या मागच्या बाजूला दिलेला मीना) देता येत नाही, तेव्हा जाडी हाच एक लगाम. खळग्यातला मीना पाण्याखाली कार्बोरंडमच्या दगडाने ०.३पर्यंत उतरवला, काचतंतूंनी धुतला, ८००ला ९० सेकंद दिले आणि बाहेर काढून गरम विटेच्या पोकळीत झाकून ठेवला. तास लागला थंड व्हायला. तडा मिटली, परत आली नाही.

२० तारखेला चौथी भट्टी चालू असताना वीज गेली. अशा वेळी आत ठेवून वाट पाहायची नाही. तुकडा लगेच काढायचा. अर्धवट भाजलेला परत भाजता येतो, पण तासभर मुरलेला पांढरा हिरवट-करडा होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही.

डोळे: काळ्या मीन्याचा ठिपका, ७८०, ५० सेकंद.

३ मार्च

पंख. ०.७ मिमीचा सपाट पत्रा, पाठीला त्याच जाडीचा प्रतिमीना. इथे तो शक्य आहे, म्हणून तडा नाहीत. प्रत्येकी तीन डब्या, ३ × ३ मिमी. पंखांची पाठ पांढरी न ठेवता कोरून हिरवा पारदर्शी भरला. या पदकांची पाठ अंगाला लागते, लोकांना दिसत नाही, तरी तिथे कोरणी असतेच. एखादा तुकडा तपासताना आधी उलटून बघावे.

१० मार्च

घरटे आणि पिले. घरट्याला कोरीव तळावर हिरवा, दोन थर. फारसे सांगण्यासारखे नाही. पिले भरीव, प्रत्येकी एक ग्रॅमच्या वर, म्हणून ८२०ला पूर्ण १०० सेकंद लागले. चोची उघड्या सोन्याच्या. वर बघणाऱ्या पिलांपैकी मधल्याची मान २ मिमीने लांब केली, नाहीतर तीन सारखी पिले दुकानातल्या बाहुल्यांसारखी दिसतात.

१५ ते १८ मार्च

टिकली. १.१ मिमी जाड सोने, ०.३ मिमी खोल खळगे कोरून, तळ करवतीसारख्या रेषांनी चमकवला. पारदर्शी रंग हा खालच्या सोन्याचा रंग असतो. तळ मंद असेल तर लाल विझतो.

क्रम: हिरवा आधी, ८१०. लाल शेवटी. जयपूरच्या मीनाकारीतही पांढऱ्यापासून सुरुवात आणि लाल अखेरीला, हेच तत्त्व: जो कडक तो आधी, जो लहरी तो नंतर. पहिली आच ८१०, पिवळा. बाहेर काढून हाताच्या फुंकणीने थंड. दुसरी ६४०, दार उघडे ठेवून डोळ्यांसमोर. एक मिनिट वीस सेकंदांनी कडेपासून लाली आत आली, पूर्ण भरायच्या एक श्वास आधी काढला. उरलेली लाली बाहेर भरते. फुंकणी लगेच. हा लाल छातीवर हवा होता तोच.

२४ मार्च

खडे. मूळ काळात इथे हिरे असते, अष्टफलकाचे टोक घासून सपाट केलेले. ब्राझीलच्या खाणी अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उघडेपर्यंत युरोपातले हिरे मुख्यतः भारतातून जात, आणि सोळाव्या शतकात त्यांचा मोठा रस्ता गोव्यावरून लिस्बनला होता. गार्सिया द ओर्ताने १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हिऱ्यांवर लिहिले आहे, मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्याने होते तोच हा वैद्य. आमच्याकडे प्रयोगशाळेत वाढवलेला रंगहीन कोरंडम, त्याच घाटात घासलेला.

चेल्लिनी हिऱ्याखाली काजळीचा काळा लेप देतो आणि म्हणतो की तो हिऱ्यालाच शोभतो. कोरंडमखाली काजळी आणि मस्तकीचा (एका झाडाच्या चिकट राळेचा) लेप देऊन पाहिले: शाईचा ठिपका. कारण सरळ आहे. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, त्याच्या आतून प्रकाश काळ्या तळालाही न जुमानता परततो. कोरंडमचा १.७६, तिथे प्रकाश खाली निसटतो आणि काळ्यात बुडतो. म्हणून पंखांवरच्या सहाही खड्यांखाली चांदीची डांक (चकचकीत पातळ पत्रा), आपले कुंदणवाले वापरतात तशी. माणकाखालीही डांक, लाल रंगवलेली.

डांकेला हवा आणि पाणी चालत नाही. भिंत बंद करताना आधी आतली डबी वाळूवर तासभर गरम ठेवली. या पदकाला अल्ट्रासॉनिक भांड्यात कधीही टाकायचे नाही. डांक काळी पडेलच, आणि मीनाही कपचेल.

भिंत चार बाजूंनी ओपणीने (गुळगुळीत टोकाच्या हत्याराने) आत रेटली, मग कोपऱ्यांना कोरणीने पाकळी काढली. हातोडी नाही. छातीचे माणिक बसवताना ०.५चा काठ कामी आला, पांढऱ्याला ओरखडा नाही. उजव्या पंखावर एका डबीला काठ ठेवला नव्हता, जागा नव्हती म्हणून. तिथे भुवईच्या केसाएवढी कपची उडाली. ती भरायला पुन्हा भट्टी नाही, खडे बसलेले आहेत. तशीच ठेवली.

३० मार्च

जोडणी. भट्टीत गेलेल्या खुंट्या मऊ झालेल्या असतात. आट्यांवर डाय (आटे पाडायचे हत्यार) परत हलकेच फिरवला, नाहीतर पहिल्याच नटमध्ये आटा निघून येतो. नट फुलाच्या, पाच पाकळ्यांच्या, चिमट्याने धरता येतील अशा. पंखाला शेजारी एक छोटी खुंटी आहे, नाहीतर एका स्क्रूवर पंख फिरतो.

नट आणि मीना यांच्यात सोन्याची पातळ चकती. धातू थेट काचेवर आवळला की तडा ठरलेली. आवळायचे ते बोटांनी थांबेपर्यंत, वर अर्धा फेरा नाही. पिलांच्या खुंट्यांचे टोक चिरून घरट्याखाली दोन बाजूंना वाकवले. रिबीट ठोकली असती तर पिले तडकली असती.

जुन्या तुकड्यांच्या तपासणीतही हीच जागा बोलते. हाताने पाडलेले आटे अंतराने चुकतात. अगदी सारखे, यंत्राने पाडलेले आटे दिसले तर निदान तो स्क्रू तरी उशिराचा आहे. संपूर्ण दागिना उशिराचा, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. दुरुस्त्या होतच असतात. आमचे आटे डायने पाडलेले आहेत आणि टिकलीच्या पाठीवर ‘२०२५’ कोरले आहे.

४ एप्रिल

मोती: ९ × ७ मिमी, वेडावाकडा. भोक वरून अर्धेच, खुंटी मस्तकीने. पूर्ण आरपार भोक पाडले असते तर खाली सोन्याची टोपी लागली असती आणि थेंबाचा आकार गेला असता.

टांगून पाहिले. पक्षी पुढे झुकतो. माणिक आणि त्याची डबी यांचे वजन पुढे, साखळ्यांच्या कड्या पंखांच्या मध्यावर. कड्या पंखाच्या पुढच्या काठाकडे ३ मिमी सरकवायला हव्यात, म्हणजे त्यांची भोके मीन्यातून पाडावी लागतील. त्याऐवजी मोत्याची कडी घरट्याच्या मागच्या काठाला नेली, खुंटीच्या तळाशी. झुकाव निम्म्याहून जास्त गेला. उरलेला ठेवला. पिलांकडे बघणाऱ्या पक्ष्याला तो शोभतो. पुढच्या वेळी कड्यांची जागा मेणाचा नमुना दोऱ्याने टांगून आधीच काढायची.

वजने: धड १५.८ ग्रॅम, पंख ७.६, घरटे ६.९, पिले ३.४, कोंदणे ३.१, टिकली, साखळ्या आणि नट मिळून ७.२. सोने ४४.०. मीना ४.१. खडे आणि मोती १.४. एकूण ४९.५.

भट्ट्या: धड ९, पंख ६, घरटे ३, पिले ४, टिकली ५. चकत्या मोजल्या नाहीत.